नाकातली काडी अन् समुद्रातलं जहाज

हिंगणीत दोन गोष्टी एकदा सुटल्या का शिवारभर पोचल्याशिवाय राहत नाईत. एक बोर धरणाचं पाणी, अन् दुसरी विमलाबाईची थाप. तिनं पाह्यलेला वाघ दुसऱ्याईच्या वाघापेक्षा दोन हात लांब राहे. तिच्या माहेरची म्हैस एवढं दूध दे का उरलेलं विहिरीत सोडा लागे, अन् पाणी भराले आलेल्या बाया घागरीत चहापत्ती टाकूनच घरी जात. लोक हासत, "पुरे करा वो विमलाबाई" म्हणत, अन् दुसऱ्या दिवशी तेच गोष्ट सोताची म्हणून दुसऱ्याले सांगत.

तिच्या थापेनं कोणाचं काई बिघडलं नव्हतं. बिघडलं तं एकाच थापेनं, अन् ते बी तिचंच.

कोरोना आला अन् गावच्या शाळेत तपासणी सुरू झाली, तवाची गोष्ट. हापशीवर बायाईनं इचारलं का हे काडी नाकात घालते म्हणजे काय करते. विमलाबाईले कुठी ठाऊक होतं. पण ठाऊक नाई म्हणून गप बसणं तिच्या सोभावात नव्हतं.

"काडी जाते ते सरळ मेंदूले लागते," ती म्हणे. "सेलूच्या एका माणसाले उलीसक जास्त आत गेली. तो घरी आला अन् बायकोले म्हणे, बाई तुम्ही कोण, अन् माही सायकल कुठी? सायकल आठवली पाहा. बायको नाई आठवली."

अर्धं गाव शाळेकडे फिरकलं नाई. सरकारी दवाखान्याची आशाताई हात जोडत घरी आली तवा विमलाबाईले समजलं का थाप फार लांब गेली. मंग ती सोता रांगेत पह्यली उभी राह्यली, काडी घालून घेतली, अन् बाहेर येऊन डोकं शाबूत आहे हे दाखवाले गल्लीतल्या सगळ्या बायाईच्या नवऱ्याचे नावं धडाधडा म्हणून टाकले. बाया लाजल्या, गाव हासलं, तपासणी सुरू झाली, गोष्ट मिटली.

मिटली असं तिले वाटलं. पण दिवाळी झाल्यावर, कापूस वेचणीच्या दिवसात, तिचा नवरा चंद्रभान तेच थाप घेऊन तिच्या समोर उभा राह्यला. अन् कवा, तं सगळं घर जहाजात बसाले निघालं तवा.

आता हिंगणीच्या माणसाईले जहाज कुठून भेटलं, ते सांगा लागन. ते जहाज बी विमलाबाईच्याच तोंडातून निघालं होतं. त्या उन्हाळ्यात चंद्रभानले कोरोना झाला अन् तो वर्ध्याच्या दवाखान्यात पडून होता. आत कोणाले जाऊ देत नव्हते. संध्याकाळी तिथली नर्सबाई त्याच्या कानापाशी फोन धरे अन् इकडून विमलाबाई बोले. कसं वाटते, काय खाल्लं, हे तिनं एकदा बी इचारलं नाई. इचारलं असतं तं तिचाच आवाज फुटला असता. तिनं त्याले जहाजात बसवलं. आपण दोघं जहाजात आहो. जहाज वर्ध्याच्या बजाराएवढं आहे. कप्तानाले माह्या हातचा झुणका आवडला, तो म्हणते बाई इथंच राहून जा. मासोळ्या पाण्यातून तोंड काढून तुमच्या मिशीकडे पाहून राह्यल्या. रोज जहाज उलीसक पुढं जाये. चंद्रभानले बोलाले दम पुरत नव्हता, पण गोष्ट संपली का तो एक शब्द म्हणे, "थापाडी." तो शब्द आयकला का विमलाबाई जेवे.

तो घरी आला. औषधानं आला का जहाजानं आला, ते देवाले ठाऊक. पण पोरगा कैलास तवा गावीच राहे, मायच्या बाजूले बसून ते सगळं आयके. तो बँकेत आहे, वर्ध्यात नालवाडीले राहते, हिशोबी माणूस. त्यानं मनात धरून ठेवलं, अन् दिवाळीनंतर खरोखरच्या जहाजाचे तिकिटं काढले. मुंबईहून गोव्यापर्यंत अन् परत. आईबाबा, तो, त्याची बायको जया अन् पोरगी काजल.

एकच अट होती. जहाजात चढाच्या दोन दिवसाच्या आतली तपासणी पाहिजे, नाकातली काडीवाली. ज्याचा रिपोर्ट साफ, तो जहाजात. ज्याचा नाई, तो धक्क्यावर.

"मी नाई येत," चंद्रभान म्हणे.

"काऊन?"

"काडी मेंदूले लागते."

विमलाबाईले वाटलं मजाक करून राह्यला. पण हा माणूस मजाक करणारा नव्हता. घरात थापा माराचं काम तिचं अन् नाई म्हणाचं काम त्याचं, असी वाटणी लग्नापासून होती.

"अवो, ते मी हापशीवर सांगतलेली थाप होती. तुम्हाले ठाऊक नाई का?"

"तूच सांगतलं. सेलूचा माणूस होता म्हणे."

"तुम्हाले उन्हाळ्यात काडी घातलीच होती. लागली का मेंदूले?"

"तवा वाचलो," चंद्रभान म्हणे. "आता कुठी वाचतो." अन् टोपी घालून वावरात चालला गेला.

विमलाबाई दारात उभीच. सोताची थाप सोताच्याच डोक्यावर अशी कोणी ठेवून जाईन, हे तिनं कधी इचारात बी घेतलं नव्हतं.

तिकडं गावानं वेगळंच काढलं. हिंगणीत कोणी यात्रेले निघालं का घरोघरचे लोक भेटाले येतात, पाया पडतात, गळ्यात पडून रडतात, नारळ देतात. जहाज म्हणजे यात्राच, असं बायाईनं ठरवलं. कैलासनं फोनवर बजावलं होतं का तपासणी होईपर्यंत कोणाच्या जवळ जाचं नाई, सर्दी-पडसं काईच नोको. अन् इकडं ओट्या भरून बाया दारात.

विमलाबाईनं तोंडाले मास्क लावला, फाटकाले आतून कडी घातली अन् म्हणे, "नारळ भिंतीवर ठेवा. गळ्यात आल्यावर पडजा."

तिची मोठी जाऊ प्रमिलाबाई सगळ्यात समोर होती. तिले कोणाची भीड नव्हती. "विमल, समुद्रात देव कोणता असते वो?"

"देव नाई बाई, निरा मासोळ्या."

"मंग हे नारळ कोणाले फोडशीन?"

"जो पह्यले ओकला त्याच्या नावानं."

बाया हासल्या. प्रमिलाबाईनं आत डोकावून पाह्यलं. "भाऊजी नाई दिसून राह्यले?"

"वावरात गेले."

"कैलास सांगे का ते काडी घालू देत नाईत." प्रमिलाबाईनं नारळ भिंतीवर ठेवला. "पाह्य बाई. तुह्या थापेनं गावातलं कोणी मेलं नाई, पण तुहा नवरा अडला."

एरवी विमलाबाईनं तिले असं उत्तर देल्लं असतं का ते हप्ताभर पुरलं असतं. त्या दिवशी ती नारळ उचलत राह्यली.

संध्याकाळी चंद्रभान ओसरीत कापूस मोकळा करत बसला होता. ती बाजूले जाऊन बसली अन् ती बी कापूस मोकळा कराले लागली.

"तू जाय ना," तो आपणहून म्हणे. "कैलास आहे, जया आहे. काजल तुले सोडणार नाई."

"अन् तुम्ही?"

"कापूस कोण पाहीन?"

"गडी तानबा कवापासून पाहून राह्यला. तुम्ही दवाखान्यात होते तवा बी त्यानंच गहू पाह्यला."

चंद्रभाननं दुसरं बोंड उचललं.

"त्या जहाजात मी एकटी कशी बसू?" ती म्हणे. "त्यात आपण दोघं होतो. तुम्ही नसान तं मी तिथं कोणाले खोटं सांगू?"

त्याचा हात उलीसक थांबला. मंग परत सरकी चाचपाले लागला. "मले नाई जमत विमल," तो म्हणे. बस, एवढंच.

तिले रागबी आला अन् रडूबी आलं. जहाजाचं तिकिट गेलं तं गेलं. पण रोज फोनवर जे ओढत ओढत पुढं नेलं, त्यात हा माणूस खरोखर बसलेला तिले एकदा पाह्याचा होता. तेवढंच पाह्याचं होतं. दुसरं काई नाई.

कैलास गाडी घेऊन आला, सामान भरलं. विमलाबाईनं नवऱ्याले म्हणलं, "तपासणी नोका देऊ. पण मह्या संग वर्ध्यापर्यंत तं चाला. मले एकटीले भेव वाटते."

या बाईले भेव वाटते हे चंद्रभाननं लग्नापासून आयकलं नव्हतं. त्याले समजलं हे बी थापच आहे. तरी तो गाडीत बसला.

वर्ध्याले तपासणीच्या जागी बाहेर कापडी मांडव टाकला होता, खाली खुर्च्या. पांढऱ्या पिशवीसारखे कपडे घातलेली एक पोट्टी एकेकाले आत बलावे. पह्यले कैलास गेला, मंग जया, मंग काजल. काजल नाक चोळत आली अन् म्हणे, "आजी, काही नाही गं, फक्त मिरची लागल्यासारखं होतं."

चंद्रभान मांडवाच्या बाहेर, आपल्या बायकोची पिशवी छातीशी धरून उभा होता. आत याले तयार नाई अन् दूर जाले बी तयार नाई.

विमलाबाई आत गेली. काडी घशात गेली, नाकात गेली, डोळ्यातून पाणी आलं. अन् तसंच पाणी पुसत बाहेर येताना तिच्या डोक्यात थापेचा किडा वळवळला. थापेनं अडलं तं थापेनंच सुटन, असं तिले वाटलं. एकदा हासला का मानन.

ती चंद्रभानच्या समोर जाऊन उभी राह्यली. त्याले टोपीपासून चपलेपर्यंत पाह्यलं. मंग अशी अदबीनं, जशी कचेरीत बोलतात तशी, म्हणे, "बाबाजी, तुम्ही कोण? अन् माही पिशवी तुमच्यापाशी कशी आली?"

काजल खुदकन हासली. विमलाबाई त्या एका शब्दाची वाट पाहून राह्यली होती. आता म्हणन थापाडी. आता म्हणन.

चंद्रभानच्या हातातून पिशवी सुटली. तो रस्त्याच्या कडेले, तिथंच सिमेंटच्या कठड्यावर, धपकन बसला. तोंड निरा पांढरं.

"अवो. अवो, मजाक केली. मी विमल. पाहा ना मह्याकडे."

तो पाहून राह्यला होता, पण तिले नाई.

कैलास धावत आला. "काय झालं? बाबा?"

"काई नाई झालं. जाय, चहा घेऊन ये," विमलाबाई म्हणे. "तिघंई जा."

पोरगा समजदार. बायकोले अन् पोरीले घेऊन टपरीकडे गेला. विमलाबाई नवऱ्याच्या बाजूले कठड्यावर बसली. लुगडं धुळीत गेलं, जाऊ देल्लं.

मंग तो बोलला. "वासुदेवराव होते. सिंदीचे."

"कोण वासुदेवराव?"

"दवाखान्यात. माह्या बाजूच्या खाटेवर. कापसाचा धंदा होता म्हणे. त्याईच्या बायकोनं मोबाईलवर तोंड दाखवलं, नर्सनं मोबाईल समोर धरला. ते म्हणे, बाई तुम्ही कोण?"

विमलाबाईनं त्याच्याकडे तोंड फिरवलं.

"ते बाई हासली. तिले वाटलं मजाक करून राह्यले. म्हणे, या घरी, मंग सांगते मी कोण आहे ते. मी पाहून राह्यलो होतो ना. मजाक नव्हती ते." त्यानं टोपी काढली, परत घातली. "सकाळी खाट खाली होती."

रस्त्यावरून आटो गेले, सायकली गेल्या. विमलाबाई म्हणे, "तुम्ही कधी सांगतलं नाई मले."

"तू जहाजाचं सांगत होती. मधात हे कुठी सांगू?"

तिनं त्याचा हात धराले आपला हात पुढं केला, मंग आठवलं का आताच तपासणी झाली, हात कुठीकुठी लागले. तिनं तो पदराले पुसला अन् तरी धरलाच.

"मले काडीचं भेव नाई," चंद्रभान म्हणे. "उन्हाळ्यात शाळेत तपासणीले गेलतो, तवा तुले काय म्हणून गेलतो, आठवते?"

आठवत होतं. आठवत कसं नाई. "वरण उतरव, येतोच."

"तिथूनच दवाखान्याच्या गाडीत टाकलं मले. तुले सांगाले बी नाई येऊ देल्लं. गाडी आपल्या घरासमोरून गेली. तू आंगणात होती. मले काचेतून दिसली, तुले मी नाई दिसलो." तो थांबला. "आता परत काडी घातली अन् रिपोर्ट खराब आला, तं परत तसंच. तू जहाजात अन् मी गाडीत."

विमलाबाईच्या जिभेवर कायम काई ना काई तयार राहे. तिनं शोधलं. काई नव्हतं तिथं. वाघ नाई, म्हैस नाई, मासोळी नाई. मंग जे खरं होतं तेच निघालं.

"मले दिसली होती गाडी," ती म्हणे. "मले वाटलं दुसऱ्या कोणाले नेऊन राह्यले. मी देवाले म्हणलं, बिचाऱ्याले बरं कर."

चंद्रभाननं पह्यल्यांदा तिच्याकडे नीट पाह्यलं.

"आता तशी गाडी येत नाई," ती म्हणे. "आता घरीच ठेवतात. अन् समजा तुमचा खराब आला, तं आपण वावरात राहू. तुम्ही खालच्या खोलीत, मी मचाणावर."

"रानडुकरं येतात तिथं."

"येऊ द्या. त्याईले बी गोष्ट सांगीन. मचाणावरून बोललेलं खोलीत आयकू येते. म्या सदा पाह्यलं, तुम्ही खोलीतून घोरता ते मचाणापर्यंत येते."

"मी घोरत नाई."

"बरं."

"अन् तू जहाज सोडशीन?"

"सोडीन."

"हे थाप तं नाई?"

"नाई."

तिच्या थापा वळखाले चंद्रभानले सारी उमर लागली होती, तवा हे थाप नाई हे बी वळखू आलं. "दुखते का काडी?" त्यानं इचारलं. "खरं सांगजो."

"नाकात झोंबते. घशात गेली का ओकारी येते असं वाटते. मंग होऊन जाते."

तो उठला. तिची पिशवी उचलली, झटकली. "चाल," म्हणे.

पण मन तयार झालं म्हणून आंग तयार होते असं नाई. खुर्चीत बसला अन् पोट्टी म्हणे, "आजोबा, तोंड उघडा, आ करा," तं त्याचा जबडा असा बसला जसं गंजलेलं कुलूप. त्यानं खूप केलं. कपाळाले घाम आला. तोंड काई उघडेना. बाहेर रांग वाढून राह्यली होती. पोट्टीनं समजून घेतलं, म्हणे, "सावकाश, आजोबा. काही घाई नाही." पण तिच्या हातातली काडी वाट पाहून राह्यली होती ना.

विमलाबाई खुर्चीच्या बाजूले उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाह्यलंच नाई. ती पोट्टीले म्हणे, "बाई, तुहं लग्न झालं का?"

"नाही आजी."

"मंग आयकून ठेव, कामी पडन. आमच्या लग्नात हे रुसले होते. घड्याळ पाहिजे म्हणे. माह्या बापानं नाई म्हणलं, तं हे बाशिंग बांधूनच मांडवाच्या खांबावर चढले."

चंद्रभानचे डोळे मोठे झाले.

"उतरतच नाईत. भटजी खालून मंत्र म्हणून राह्यला, हे वरून मान हालवून राह्यले. अर्धं लग्न तसंच लागलं. म्या अंतरपाट उभा नाई, आडवा धरलेला पाह्यला. सासऱ्यानं खालून हाका मारल्या, नाई आयकलं. शेवटी माह्या मायनं बुंदीचे लाडू परातीत घालून दाखवले, तवा हे तोंडानं सूं सूं करत..."

"खांबावर तुहा मा..." चंद्रभाननं तोंड उघडलं, अन् पोट्टीची काडी घशात जाऊन बाहेर बी आली.

"पाहा, आता खोटं म्हणतीन," विमलाबाई थांबलीच नाई. काडी नाकात चालली होती अन् तो माणूस खुर्चीचे हात धरून तडफडत होता, काडीनं नाई, उत्तर द्याले भेटून नाई राह्यलं म्हणून. "अन् उतरताना धोतर खिळ्यात अडकलं ते सांगू का?"

"झालं, आजोबा," पोट्टी म्हणे. मास्कच्या आत ती हासून राह्यली होती, डोळ्यातून दिसत होतं.

चंद्रभाननं डोळे पुसले, नाक पुसलं. मंग पोट्टीकडे वळून, निरा गंभीर, म्हणे, "खांबावर हिचा मामा चढला होता. पिऊन. मी खाली उभा राहून त्याले उतरवत होतो." अन् बायकोकडे पाह्यलं. "थापाडी."

विमलाबाईनं पदर तोंडाले लावला अन् बाहेर गेली. पोट्टीले वाटलं हासून राह्यली असन.

दुसऱ्या दिवशी नालवाडीच्या घरात सगळे कैलासच्या फोनभवती बसले होते. संध्याकाळची गाडी होती मुंबईची. दुपारी रिपोर्ट यायले लागले. कैलासचा साफ, जयाचा साफ, काजलचा साफ, विमलाबाईचा साफ. चंद्रभानचा आलाच नाई. कैलासनं फोन लावला, लागला नाई. परत लावला, कोणीतरी म्हणे, येईल. जयानं चहा केला, कोणी प्याला, कोणाचा थंडा झाला. ऊन खिडकीतून सरकत सरकत भिंतीवर गेलं. स्टेशनवर निघाची वेळ झाली.

विमलाबाई उठली, मोठी पेटी उघडली अन् त्यातले चंद्रभानचे धोतरं, सदरे, अन् आपले लुगडे काढून पिशवीत भराले लागली.

"आई, काय करून राह्यली?" कैलास म्हणे.

"तुम्ही व्हा पुढं. याईचा आला तं आम्ही मागून येऊ."

"मागून कशी येशीन? जहाज थांबते का?"

"नाई थांबत तं जाऊ दे त्याले. काजलले समुद्र दाखव."

"आई, अगं हे सगळं तुम्हा दोघांसाठी..." बँकेतला हिशोबी माणूस कैलास, त्यानं तोंड फिरवलं.

चंद्रभान कोपऱ्यात खुर्चीवर बसून पाहत होता. तो म्हणे, "विमल, जाय तू. मी नाई काई म्हणणार. रिपोर्ट कसा बी येवो, मी आता मोठा माणूस आहे."

"तुम्ही मोठे माणूस आहा तं मह्या पिशवीले हात नोका लावू," ती म्हणे, अन् त्याची टोपी घडी करून वर ठेवली. तिच्या डोळ्यासमोर ते जहाज होतंच. पांढरं, लंबं, दिवे लागलेलं. ते तिच्याबिगर हळूहळू धक्क्यापासून सरकून राह्यलं होतं, अन् ती पिशवीची चेन लावून राह्यली होती. चेन अडकली. तिनं ओढली.

काजलच्या हातात फोन होता. ती काई बोलली नाई, उठून आजोबाच्या समोर जाऊन उभी राह्यली अन् फोन त्याच्या तोंडासमोर धरला. चंद्रभानले चष्म्याबिगर काई दिसेना. "काय आहे पोरी?"

"साफ आहे, आबा. तुमचा पण."

मंग एकच धांदल. जयानं गॅस पाह्यला, कैलास पेटी खाली नेऊन आला, काजल आटो आणाले धावली. अन् या सगळ्यात विमलाबाई पिशवी मांडीवर घेऊन खालीच बसून राह्यली. डोळ्यातून पाणी चाललं होतं, आवाज नाई.

"मजाक नोको करू, गाडी सुटन," चंद्रभान म्हणे.

"मजाक नाई वो. पाय नाई चालून राह्यले."

तो वाकला. त्याची बी कंबर काई पोट्ट्याची नव्हती. त्यानं तिची पिशवी एका हातात घेतली, दुसरा हात तिले देल्ला, अन् दोघंई एकमेकाले ओढत, कोण कोणाले उचलून राह्यलं ते समजू न देता, उभे झाले.

एका आटोत सगळे मावले नाई. कैलास, जया, काजल पुढच्यात गेले. मागच्यात हे दोघं अन् पिशव्या. आटोवाला बोलका होता. आरशातून पाहून म्हणे, "कुठी चालले आजोबा, एवढं सामान घेऊन?"

विमलाबाईनं सांगाले तोंड उघडलं. पण तिच्याआधी चंद्रभान बोलला.

"मुंबईले. कामावर."

"या उमरीत? कोणत्या कामावर?"

"जहाज हाकाच्या."

आटोवाल्यानं मान वळवली. "तुम्ही जहाज हाकता?"

"बैल हाकता येते त्याले सगळं हाकता येते," चंद्रभान म्हणे. त्याचे कान लाल झाले होते. सारी उमर नाई म्हणाची सवय असलेला माणूस, पह्यलीच थाप, चाक नीट बसलं नव्हतं तिचं. "जहाजाले बी डाव्या बाजूनं कासरा असते. उलीसक बारीक."

"अन् आजीले काऊन नेता?"

चंद्रभान अडकला. थाप पुढं कशी न्याची हे त्याले ठाऊक नव्हतं. त्यानं खिडकीबाहेर पाह्यलं, मंग पायाजवळच्या पिशवीकडे पाह्यलं, मंग म्हणे, "तिच्याबिगर ते जागचं हालत नाई."

आटोवाला हासत होता. बोलता बोलता चंद्रभानचा मास्क हनुवटीवर घसरला होता, तो विमलाबाईनं वर केला अन् नाकावर नीट बसवून देल्ला.